जॅझ गिटारच्या कॉर्ड्स: आधी सा, ग, नी, बाकी सगळं नंतर

जॅझ शिकायचं डोक्यात घेतलं तेव्हा मी पहिलं काय केलं तर नेटवरून कॉर्ड्सचा एक चार्ट काढून प्रिंट मारली, बारीक बारीक चौकटींमध्ये दोनशेच्या वर आकृत्या, आणि तो कपाटाच्या दारावर चिकटवून रोज एकेक पाठ करायला बसले. दीड महिन्यात तीसेक कॉर्ड्स बोटात बसल्या पण त्यातली एकही दुसरीला जोडता येईना, एक पहिल्या फ्रेटवर तर पुढची थेट दहाव्यावर, मधे हात उचलून शोधाशोध, तोवर ताल कुठच्या कुठे गेलेला. मग एका जुन्या वाजवणाऱ्यांनी माझी गिटार हातात घेतली, फक्त तीन बोटं ठेवली, आतल्या दोन तारांवर एखाद्या फ्रेटची हालचाल केली आणि तेवढ्यात ते जॅझ वाटायला लागलं. तो चार्ट मी त्याच दिवशी काढला.

तर त्यांनी जे दाखवलं तेच इथे सांगतेय. तुम्हाला ओपन कॉर्ड्स येतात, एफची बार कॉर्ड कशीबशी लागते, एवढं धरून चालते. गिटार कुठलीही चालेल, ती पोकळ बॉडीची मोठी जॅझ गिटार असलीच पाहिजे असं काही नाही, इलेक्ट्रिक असेल तर नेकजवळचा पिकअप लावा आणि टोनचा नॉब अर्ध्याच्या खाली आणा, निम्मा जॅझ आवाज तिथेच येतो. अकूस्टिक असेल तर आहे तशी घ्या.

आता मुद्दा. जॅझमध्ये साधी तीन सुरांची कॉर्ड फार कमी भेटते, बहुतेक ठिकाणी चार सूर असतात, सा ग प नी. हे सरगममधे सांगतेय कारण मला स्वतःला ते थर्ड, फिफ्थ, सेव्हन्थ कानात कधी ऐकूच यायचं नाही, पण कोमल ग म्हटलं की लगेच येतो. या चारातला प जवळजवळ काहीच सांगत नाही, कॉर्ड मेजर असो की मायनर, तो आपला तिथेच बसलेला असतो, म्हणून तो सरळ गाळायचा. उरले तीन. सा सांगतो कॉर्डचं नाव काय, ग सांगतो मेजर की मायनर, आणि नी सांगतो की कॉर्ड निवांत बसणारी आहे की पुढे कुठेतरी जायला निघालेली आहे. या तीन सुरांच्या कॉर्ड्सना शेल व्हॉइसिंग म्हणतात आणि सुरुवातीचे काही महिने एवढ्यावर मस्त निघतात.

मेजर सेव्हन म्हणजे सा, शुद्ध ग, शुद्ध नी.
नुसती सेव्हन, जिला डॉमिनंट म्हणतात, ती म्हणजे सा, शुद्ध ग, कोमल नी.
मायनर सेव्हन म्हणजे सा, कोमल ग, कोमल नी.

चौथी जोडीही निघते, कोमल ग आणि शुद्ध नी, तीही असते पण तिला आत्ता राहू दे. आणि एक गोष्ट, इथे एकदा सा धरला की गाणंभर तोच असं नसतं, प्रत्येक कॉर्डचा स्वतःचा सा, कॉर्ड बदलली की सा बदलला. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला हे पहिले काही दिवस अगदी पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं वाटतं, होतं नीट.

कॉर्ड कशी लिहितेय तेही सांगून टाकते. डावीकडून उजवीकडे सहा जागा, पहिली जागा म्हणजे सगळ्यात जाड सहावी तार, शेवटची म्हणजे सगळ्यात बारीक पहिली तार. आकडा म्हणजे कितवा फ्रेट, आणि × म्हणजे ती तार वाजता कामा नये. फ्रेट मागे म्हटलं की खुंट्यांच्या दिशेने, पुढे म्हटलं की बॉडीच्या दिशेने.

सा सहाव्या तारेवर घेऊन जीच्या तीन कॉर्ड्स:

जी मेजर सेव्हन: ३ × ४ ४ × ×
जी सेव्हन: ३ × ३ ४ × ×
जी मायनर सेव्हन: ३ × ३ ३ × ×

यात सहाव्या तारेवर सा, चौथीवर नी, तिसरीवर ग. वरून खाली बघत या. मेजर सेव्हनमधला चौथ्या तारेवरचा नी एक फ्रेट मागे घेतला की कोमल झाला, झाली सेव्हन. आता तिसऱ्या तारेवरचा ग एक फ्रेट मागे घेतला, झाली मायनर सेव्हन. बोटांचं म्हणाल तर मेजर सेव्हनला तर्जनी, अनामिका, करंगळी. सेव्हनला तर्जनी, मधलं बोट, अनामिका. आणि मायनर सेव्हनला मधलं बोट सहाव्या तारेवर आणि अनामिका आडवी पाडून चौथी-तिसरी दोन्ही तिच्याखाली. पुस्तकात वेगळं दिलेलं असेल तर तेही चूक नाही, पुढच्या कॉर्डला जाताना कमी हलावं लागतं ते बोट बरोबर.

सा पाचव्या तारेवर घेऊन सीच्या तीन:

सी मेजर सेव्हन: × ३ २ ४ × ×
सी सेव्हन: × ३ २ ३ × ×
सी मायनर सेव्हन: × ३ १ ३ × ×

इथे पाचवीवर सा, पण ग आणि नीने जागा बदलल्यात, चौथीवर ग आणि तिसरीवर नी. मधलं बोट पाचवीवर, तर्जनी चौथीवर, आणि तिसऱ्या तारेला मेजर सेव्हनमध्ये करंगळी, बाकी दोन्हीत अनामिका. झालं, सहा आकार. हे सगळे सरकवता येतात कारण यात एकही उघडी तार नाही, जी सेव्हनचा आकार दोन फ्रेट पुढे नेला की ए सेव्हन, आणखी दोन नेला की बी सेव्हन.

आता × वाल्या तारांचं काय, कारण नव्वद टक्के घाण आवाज तिथूनच येतो. सहाव्या तारेवरच्या कॉर्डमध्ये पाचवी तार मधेच आहे, ती उडी मारून टाळायची नाही, सहाव्या तारेवरचं बोट थोडं सपाट ठेवायचं म्हणजे त्याची खालची बाजू पाचवीला टेकते आणि ती नुसती ठक् करते. पाचव्या तारेवरच्या कॉर्डमध्ये मधल्या बोटाचं टोक सहाव्या तारेला हलकं टेकू द्यायचं. बारीक दोन तारा तिसऱ्या तारेवरच्या बोटाचा आतला भाग टेकवून बंद करायच्या. हे लिहायला सोपं आहे, मला करायला दोन आठवडे गेले, आणि तपासायची पद्धत एकच, सहाच्या सहा तारांवर पिक फिरवायचा आणि फक्त तीन सूर ऐकू येतात का बघायचं. पिक नको असेल तर अंगठा आणि दोन बोटांनी तीन तारा एकदम खेचा, सुरुवातीला तेच बरं पडतं. आणि दाबू नका हो एवढं जोरात. ओपन कॉर्ड्सची सवय असलेले लोक गिटारचा गळा आवळल्यासारखे धरतात, फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून बोट ठेवलं तर निम्म्या जोरात सूर स्वच्छ येतो.

बोटं आखूड आहेत, जाड आहेत, करंगळी ऐकत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी १९२८ साली आगीत भाजून जवळजवळ निकामी झाली होती, त्यानंतर तो सोलो मुख्यतः दोन बोटांनी वाजवायचा, आणि आपण इथे करंगळीवरून रडतोय.

आता खरी गंमत, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. जॅझमध्ये एक चाल इतकी सारखी येते की तिला नावच पडलंय, टू फाइव्ह वन. सी मेजरच्या स्केलमधे दुसरा सूर डी, पाचवा जी, पहिला सी, या तिघांवरच्या कॉर्ड्स ओळीने:

डी मायनर सेव्हन: × ५ ३ ५ × ×
जी सेव्हन: ३ × ३ ४ × ×
सी मेजर सेव्हन: × ३ २ ४ × ×

आधी प्रत्येकी चार मात्रा वाजवा. मग बेसचा सूर सोडून द्या आणि फक्त चौथी आणि तिसरी तार वाजवा, बाकी कशाला हात नको. पहिल्यांदा ३ आणि ५, मग ३ आणि ४, मग २ आणि ४. सावकाश, पाच-सहा वेळा. काय झालं बघा. डी मायनरवरून जीला जाताना चौथी तार जागची हललीच नाही आणि तिसरी फक्त एक फ्रेट मागे आली. जीवरून सीला जाताना उलटं, तिसरी गप्प बसली आणि चौथी एक फ्रेट मागे आली. म्हणजे दोन माणसं जिना उतरताहेत, आधी एक पायरी हा उतरतो, मग तो.

आणि सरगममधे बघितलं तर आणखी मजा आहे. चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो एफ सूर आहे तो डीचा कोमल ग होता, हात न हलवता तोच जीचा कोमल नी झाला. तिकडे डीचा कोमल नी एक फ्रेट घसरला तो जीचा शुद्ध ग झाला, आणि मग जागेवर बसून सीचा शुद्ध नी झाला. नीचा ग होतो, गचा नी होतो, खाली सा बदलत राहतो. हे एकदा कानाने पकडलं की मग कॉर्ड्स पाठ करायचं ओझं खूप उतरतं कारण पुढची कॉर्ड हाताखालीच असते, एका फ्रेटच्या अंतरावर. माझ्या त्या चार्टमध्ये हे कुठेच नव्हतं, तिथे प्रत्येक कॉर्ड आपापल्या चौकटीत एकटी.

जीच्या स्केलमध्ये सहाव्या तारेवरून सुरू करा, तेच घडतं:

ए मायनर सेव्हन: ५ × ५ ५ × ×
डी सेव्हन: × ५ ४ ५ × ×
जी मेजर सेव्हन: ३ × ४ ४ × ×

बेसची चाल पण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाचव्या तारेवरून पुढच्या कॉर्डला जायचं असेल तर सहाव्या तारेवर दोन फ्रेट मागे, सहाव्यावरून जायचं असेल तर पाचव्यावर सरळ त्याच फ्रेटला. डी पाचव्या फ्रेटला, जी तिसऱ्याला, सी तिसऱ्याला. दर वेळी आधीच्या साचा म हा पुढचा सा होतो. जॅझच्या गाण्यांमध्ये निम्म्याहून जास्त प्रवास असाच असतो त्यामुळे एवढं हाताला लागलं की नवीन गाण्याची शीट समोर आली तरी घाबरायला होत नाही.

सूर कुठे आहेत ते मात्र पाठ करावंच लागेल, त्याला इलाज नाही. सहाव्या तारेवर पहिल्या फ्रेटला एफ, तिसऱ्याला जी, पाचव्याला ए, सातव्याला बी, आठव्याला सी, दहाव्याला डी. पाचव्या तारेवर दुसऱ्याला बी, तिसऱ्याला सी, पाचव्याला डी, सातव्याला ई, आठव्याला एफ, दहाव्याला जी. मधले शार्प-फ्लॅट आपोआप कळतात. गिटारच्या बाजूला तिसऱ्या, पाचव्या, सातव्या फ्रेटवर ठिपके असतात, तिथले सूर आधी पक्के करा, जी-ए-बी आणि सी-डी-ई, बाकी शेजारी मोजून निघतं.

रियाज काय करायचा? मला सगळ्यात उपयोगी पडला तो हा. वर नवव्या फ्रेटपासून सुरू करायचं:

एफ शार्प मायनर सेव्हन × ९ ७ ९ × ×, बी सेव्हन ७ × ७ ८ × ×, ई मेजर सेव्हन × ७ ६ ८ × ×.

आता शेवटच्या ई मेजर सेव्हनमधली आतली दोन बोटं एकेक फ्रेट मागे घ्या, × ७ ५ ७ × ×, ती ई मायनर सेव्हन झाली, म्हणजे पुढच्या टू फाइव्ह वनची पहिली कॉर्ड. तिच्यावरून ए सेव्हन ५ × ५ ६ × ×, मग डी मेजर सेव्हन × ५ ४ ६ × ×. तिची परत मायनर करा आणि आपण वरच्या सीवाल्या चालीत येऊन पोचलो. मधे कुठेही थांबायचं नाही, माळ एका दमात ओवायची. खाली पोचलात की परत वर. मी हे भात शिजेपर्यंत वाजवायचे, मुद्दाम वेळ काढावा लागत नाही.

मेट्रोनोम लावा पण साठवर, आणि त्याची टिकटिक एक आणि तीनवर न धरता दोन आणि चारवर धरा. म्हणजे एक तुम्ही मनात म्हणायचं, दोनला टिक, तीन मनात, चारला टिक. पहिल्या दिवशी सारखं घसरून टिक एकवर येते आणि चिडचिड होते. पण जॅझचा झोका तिथेच आहे, दोन आणि चारवर, आणि कॉर्ड्स कितीही भारी आल्या तरी हा झोका नसला तर ते हॉटेलच्या लिफ्टमधलं संगीत वाटतं.

उजव्या हाताने काय वाजवायचं, तर सुरुवातीला काहीही शोधत बसू नका, चार मात्रांना चार सरळ खालच्या दिशेचे स्ट्रोक. फ्रेडी ग्रीन नावाचा गिटारवाला काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात १९३७ला आला आणि १९८७ला वारला तोपर्यंत तिथेच होता, पन्नास वर्षं, आणि जवळजवळ एवढंच वाजवत राहिला, दर मात्रेला एक स्ट्रोक, सोलो नाहीच म्हणा. त्याच्या कॉर्डमधून पुष्कळदा एखाद-दोनच सूर धड ऐकू यायचे, बाकी तारा बोटाने बंद. एवढा मोठा ब्रासचा ताफा आणि त्याला झुलवणारा हा एक माणूस. त्याची युक्ती डाव्या हातात होती आणि ती तुम्हीही आजपासून करू शकता, स्ट्रोक मारला की लगेच बोटांचा दाब सोडायचा, बोटं तारेवरून उचलायची नाहीत, फक्त सैल करायची, सूर कापला जातो. एक आणि तीन थोडे लांब, दोन आणि चार तोडलेले आणि जरा जोरात.

ते जमलं की चार्ल्सटन नावाचा ठेका. पहिल्या मात्रेवर एक कॉर्ड, आणि दुसरी-तिसरीच्या मधोमध दुसरी कॉर्ड, बाकी गप्प. डां... गप्प... डप्. गप्प बसणं अवघड जातं, हात सारखा काहीतरी भरायला बघतो, पण गाणाऱ्याला किंवा सोलोवाल्याला जागा मिळते ती त्या गप्पपणातच.

आणखी दोन आकार लागतील, लवकरच लागतील, कारण मायनरमधल्या गाण्यांत टू फाइव्ह वनची पहिली कॉर्ड वेगळी असते. तिला मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह किंवा हाफ डिमिनिश्ड म्हणतात. आपल्याकडे पंचम अचल, तो कोमल होत नाही, पण इथे लोक त्यालाही एक फ्रेट मागे खेचतात, म्हणजे तो तीव्र मध्यमाच्या जागेवर येऊन बसतो. इथे गाळलेला प परत घ्यावा लागतो कारण आता तो काहीतरी सांगतोय.

डी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह: × ५ ६ ५ ६ ×

तर्जनी पाचव्या तारेवर, अनामिका चौथ्या, मधलं बोट तिसऱ्या, करंगळी दुसऱ्या. त्यापुढे जी सेव्हन ३ × ३ ४ × × आणि सी मायनर सेव्हन × ३ १ ३ × ×. वाजवून बघा, एकदम संध्याकाळ होते.

दुसरा आकार डिमिनिश्ड सेव्हनचा, सीवर × ३ ४ २ ४ ×, मधलं बोट, अनामिका, तर्जनी, करंगळी. हा सगळ्यात आळशी माणसाचा आकार आहे कारण तो तीन फ्रेट पुढे किंवा मागे सरकवला की तेच चार सूर वेगळ्या क्रमाने येतात. म्हणजे सगळ्या बारा सुरांवरच्या डिमिनिश्ड मिळून खऱ्या वेगळ्या तीनच.

शीटवरच्या खुणा ओळखता आल्या पाहिजेत म्हणून सांगते, छोटा त्रिकोण दिसला तर मेजर सेव्हन, वजाचं चिन्ह म्हणजे मायनर, नुसता गोल म्हणजे डिमिनिश्ड, गोलावर तिरकी काट म्हणजे हाफ डिमिनिश्ड. आणि अक्षरापुढे नुसता ७ असेल तर तो डॉमिनंट, यात नवीन लोक हमखास चुकतात आणि मेजर सेव्हन वाजवतात. नऊ, अकरा, तेरा असे आकडे दिसले तर घाबरून पान उलटू नका, त्या आकड्याच्या जागी सात आहे असं धरा आणि साधी शेल वाजवा, बहुतेक ठिकाणी चालून जातं.

ते आकडे म्हणजे काय ते मात्र ऐकूया कारण ते अगदी हाताशी आहेत. सा धरून सात सूर संपले की आठवा वरचा सा, नववा म्हणजे वरचा रे, तेरावा म्हणजे वरचा ध. एवढंच. आपल्याच टू फाइव्ह वनमध्ये दुसऱ्या तारेवर एकेक बोट वाढवा:

डी मायनर नाइन: × ५ ३ ५ ५ ×
जी थर्टीन: ३ × ३ ४ ५ ×
सी मेजर नाइन: × ३ २ ४ ३ ×

पहिल्या दोन्हींत करंगळी दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटलाच राहते, डीचा रे तोच जीचा ध. तिसऱ्या कॉर्डमध्ये करंगळी तिसऱ्या तारेवर आणि अनामिका दुसऱ्या तारेवर, हे बोटांना आधी उलटं वाटेल, असूच दे. आता मधल्या जीमध्ये तो ध कोमल करा, म्हणजे ३ × ३ ४ ४ ×, आणि परत तिन्ही वाजवा. दुसऱ्या तारेवर ५, ४, ३ असा सूर घरंगळत खाली येतो. मी पहिल्यांदा हे वाजवलं तेव्हा दुसरं काहीच न करता पाऊण तास हेच वाजवत बसले होते, शेवटी घरच्यांनी दार लावून घेतलं.

आणि आता ती गोष्ट जी ऐकली की लोकांना वाटतं ही फार वरची पातळी आहे, पण तुमच्या हातात आधीच आहे. जी सेव्हन वाजवा, ३ × ३ ४ × ×. आतले दोन सूर तसेच ठेवा आणि बेस बदलून पाचव्या तारेवर चौथा फ्रेट घ्या, × ४ ३ ४ × ×. ही डी फ्लॅट सेव्हन. चौथ्या तारेवर ३, तिसऱ्यावर ४, दोन्ही कॉर्ड्समध्ये अगदी तेच सूर, फक्त जीचा नी हा डी फ्लॅटचा ग झाला आणि जीचा ग हा नी झाला. म्हणून एकीच्या जागी दुसरी चालते, याला ट्रायटोन सब्स्टिट्यूशन म्हणतात. आता × ५ ३ ५, × ४ ३ ४, × ३ २ ४ असं ओळीने वाजवा, बेस पाच-चार-तीन उतरतो. दर ओळीला वापरू नका, मीठ असतं ते.

सगळं एकत्र वाजवायला काहीतरी हवं म्हणून बारा बारचा ब्लूज घ्या. भोंगेवाल्यांच्या, म्हणजे सॅक्सोफोन-ट्रम्पेट वाजवणाऱ्यांच्या सोयीने लोक तो बहुतेक एफ किंवा बी फ्लॅटमध्ये वाजवतात, पण आपल्याला हाताला सोपा म्हणून जीमध्ये. प्रत्येक बार चार मात्रांचा.

पहिल्या ओळीचे चार बार: जी सेव्हन, सी सेव्हन, जी सेव्हन, आणि चौथ्यात दोन मात्रा डी मायनर सेव्हन, दोन मात्रा जी सेव्हन.
दुसरी ओळ: सी सेव्हन, सी शार्प डिमिनिश्ड, जी सेव्हन, ई सेव्हन.
तिसरी ओळ: ए मायनर सेव्हन, डी सेव्हन, मग एका बारमध्ये जी सेव्हन आणि ई सेव्हन दोन-दोन मात्रा, शेवटच्यात ए मायनर सेव्हन आणि डी सेव्हन दोन-दोन मात्रा, आणि परत पहिल्यापासून.

यात नवीन काहीच नाही. ई सेव्हन म्हणजे × ७ ६ ७ × ×, सी शार्प डिमिनिश्ड म्हणजे × ४ ५ ३ ५ ×, बाकी सगळ्या वर आल्यात. पहिल्या दोन बारकडे नीट बघा, जी सेव्हनवरून सी सेव्हनला जाताना आतली दोन्ही बोटं एकदम एक फ्रेट मागे सरकतात, आकार मोडतच नाही. आधी एक आठवडा चार सरळ स्ट्रोकनेच वाजवा, ई सेव्हनला उडी जरा लांब पडते तिथे अडखळाल, मग तेवढेच दोन बार, जी सेव्हन आणि ई सेव्हन, वेगळे काढून वीस वेळा घोटा. पूर्ण बारा बार परत परत वाजवून एकच जागा चुकत राहण्यात काही अर्थ नसतो, मी तेच केलंय महिनाभर म्हणून सांगतेय.

हे डोळे मिटून यायला लागलं की फोनवर फक्त बेसचे सूर रेकॉर्ड करा, जाड दोन तारांवर, दर मात्रेला एक, सा सा सा सा असं वाजवलंत तरी चालेल. मग ते लावून ठेवा आणि त्यावर सा अजिबात न घेता फक्त चौथी आणि तिसरी तार वाजवा, ब्लूज पूर्ण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. फक्त सी शार्प डिमिनिश्डला आतल्या दोन तारांवर ५ आणि ३ येतात, म्हणजे तिथे ग नसतो, पण बेस खाली आहे त्यामुळे चालतं. सोबत बेसवाला असला की गिटारवाले असंच वाजवतात, सा त्याच्याकडे सोपवून. पहिल्या फेरीत तुम्ही नक्की कुठेतरी हरवाल, दोनच सूर हातात असले की आपण कुठल्या बारमध्ये आहोत ते बोटांना कळत नाही, कानाला विचारावं लागतं. बेस थांबवू नका, जिथे सापडेल तिथे परत पकडा.